नावे कोठे लिहिली जातात?

बंगळूरच्या जे. पी. नगरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या संगणकात पुणे-बेळगावकडची जुनी, स्कॅन करून घेतलेली छायाचित्रे आणि नातवंडांची मोबाइलवरील असंख्य चित्रे एकत्र नांदत असतात. ती सुधारून नीट लावण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना रंग किती खुलतात, एवढेच बहुधा पाहिले जाते. वस्तुतः रंग उद्याही खुलवता येतील. पण नऊवारीतील ती बाई कोण, हे सांगणारे माणूस घरात एखादेच उरलेले असते. त्याने सांगितलेले नाव सॉफ्टवेअर कोठे लिहिते, हा खरा प्रश्न होय.

गूगलचे ‘पिकासा’ घरोघर रुळले होते. २०१६ मध्ये ते बंद करण्यात आले. चेहऱ्यांना दिलेली नावे ते एरवी आपल्याच नोंदींत ठेवी. चित्रे दुसरीकडे नेली की नावे मागे राहत. ‘लाइटरूम’चीही स्वतःची सूची असते, शिवाय वर्गणी. विनामूल्य ‘डिजिकॅम’ नाव, गाव, साल चित्राच्या फायलीतच लिहू शकते. तशी निवड मात्र आरंभीच तपासून घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. एका चित्राच्या प्रतीवर नाव लिहावे आणि ती दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. नाव दिसले, तर उरलेला संग्रह खुशाल हवाली करावा. मूळ फायली वेगळ्या डिस्कवर ठेवूनच.