ठिपके गेले, दुखणे टाकीतच

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या क्लाउनफिशच्या अंगावर एखाद्या सकाळी रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसतात. मालक धावतपळत दुकानातून बाटली आणतो, मात्रा मोजून टाकीत ओततो आणि चार-पाच दिवसांत ठिपके नाहीसे होतात. बाटलीचे नाव ओळखीपाळखीत पसरते. मग दोन-तीन आठवड्यांनी ठिपके परततात, या खेपेला अंगभर, आणि मासा दगावतो. हा क्रम इतक्या घरांत घडतो की ‘समुद्री मासे नाजूकच असतात’ असे दुकानदारापासून पाहुण्यांपर्यंत सगळे ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. नीट सांभाळलेली क्लाउनफिशची जोडी घरात दहा-पंधरा वर्षे जगते. अशा माशाला नाजूक कसे म्हणायचे? ठिपका हाच रोग आणि ठिपका जाणे म्हणजे बरे होणे, असे आपण धरून चालतो, तिथे घोटाळा होतो. ते ठिपके बाटलीशिवायही गेलेच असते. ते कुठे जातात आणि किती दिवसांनी परततात हे एकदा समजले, की आजारी मासा वेगळा किती काळ ठेवायचा हा प्रश्न अंदाजपंचे सोडवावा लागत नाही. औषधाआधी कॅलेंडर हातात घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी चटकन उरकतो. क्लाउनफिशच्या तीसेक जाती आहेत, सगळ्या हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उबदार पाण्यातल्या. अटलांटिकमध्ये एकही नाही. घरोघरी दिसतो तो नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला ओसेलारिस. आपल्याकडे तो अंदमानच्या प्रवाळांत सापडतो. २००३च्या ‘फाइंडिंग निमो’नंतर मुलांनी त्याचे नावच निमो करून टाकले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे, त्यामुळे दुकानातला प्रत्येक निमो समुद्रातून पकडलेला असतो असे आता नाही.

पांढऱ्या ठिपक्यांमागे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी असतो. तो माशाच्या अंगावर नुसता चिकटलेला नसतो; त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून, तिथल्या पेशी खात तो फुगतो. म्हणून पाण्यात घातलेले औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तांब्याचे औषधसुद्धा नाही. तीन ते सात दिवसांत पोट भरले की तो आपणहून मासा सोडतो, तळाच्या वाळूवर किंवा दगडावर काही तास सरपटतो आणि स्वतःभोवती कवच बांधतो. बाटलीला जे श्रेय मिळते ते याच वेळी. माशाचे अंग स्वच्छ दिसते, मालक खूश होतो, आणि तळाशी कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे विभाजन सुरू झालेले असते. एका कवचातून दोनशेपर्यंत पोहणारी पिल्ले निघू शकतात. कवच फुटायला बहुधा तीन दिवस ते चार आठवडे लागतात. ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लाकडे मात्र वेळ फार थोडा असतो. सहा-आठ तासांत त्याची माशात शिरण्याची ताकद ओसरू लागते आणि मासा मिळाला नाही तर एक-दोन दिवसांत ते संपते. त्याच्या साऱ्या आयुष्यात तांब्याच्या औषधाला ते सापडते ते एवढ्याच वेळात. या जीवाचे घड्याळही थक्क करणारे आहे. योशिनागा आणि डिकरसन यांनी १९९४मध्ये दाखवले की पिल्ले रात्री दोन ते सकाळी नऊ या वेळात बाहेर पडतात, आणि चोवीस तास अंधारात ठेवली तरी वेळ चुकवत नाहीत. प्रवाळांतले बहुतेक मासे त्या वेळी तळाजवळच्या कपारीत झोपलेले असतात. भक्ष्य कधी स्थिर असते हे डोळा नसलेल्या एका पेशीत लिहून ठेवलेले आहे!

समुद्रात हे सगळे असूनही मासे सहसा यामुळे मरत नाहीत, कारण कवच फुटेपर्यंत मासा दुसरीकडे गेलेला असतो आणि अफाट पाण्यात पिल्लांपैकी बहुतेक वाया जातात. दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत काहीच वाया जात नाही. म्हणजे परजीवी समुद्राचा असला तरी त्याची साथ ही पेटीची निर्मिती आहे. विज्ञानाचा इतिहासही तेच सांगतो. क्रिप्टोकॅरिऑनला १९५१मध्ये आणि ‘वेल्वेट’ रोगाच्या परजीवीला १९३१मध्ये नाव देणाऱ्या ब्राउन यांनी ते लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवर पाहिले होते. थोडे विषयांतर करतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९७मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला, तेव्हा निव्वळ रोग्याकडे बघून रोग कळत नाही, परजीवी रोग्याबाहेर कुठे असतो तेही पाहावे लागते, ही गोष्ट वैद्यकाला नव्याने उमगली. आपल्या टाकीत डासाची जागा वाळूने घेतली आहे. हेच ओळखून इस्राएलच्या एलात येथे काम करणाऱ्या आंजेलो कोलॉर्नी यांनी १९८०च्या दशकात औषधाचा थेंबही न वापरणारा उपचार मांडला: मासा दर तीन दिवसांनी सुकवून नव्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. कवच तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही आणि परजीवी माशावर सात दिवसांहून जास्त राहत नाही. त्यामुळे जो जो खाली गळेल तो जुन्या टाकीतच मागे राहतो आणि टाकी सुकवली की मरतो. १२ दिवसांत मासा मोकळा. अडाणी वाटावे इतके सोपे हे गणित, पण मला या साऱ्या शास्त्रातला तो सर्वांत देखणा भाग वाटतो. मुख्य टाकीत मात्र याहून जास्त काळ एकही मासा नको. सहा आठवडे ती रिकामी ठेवणे हा व्यवहारातला आकडा आहे. ७२ दिवसांच्या नोंदीमुळे काही जण ७६ दिवस थांबतात. प्रवाळ, झिंगे, समुद्रफुले तिथेच राहू द्यावीत, त्यांच्या अंगात हा परजीवी वाढत नाही.

कॅलेंडरचा हा आग्रह एका रोगापुढे मात्र हात टेकतो, आणि तो नेमका क्लाउनफिशचा म्हणूनच ओळखला जातो: ब्रुकलिनेला. लोम आणि निग्रेली यांनी १९७०मध्ये त्याचे वर्णन केले. हा परजीवी माशावरच दुभंगून वाढतो, कवचबिवच काही बांधत नाही. त्यामुळे टाक्या बदलण्याचा इथे उपयोग नाही, तांब्याचाही नाही. दिसते ते असे: ठिपके नसतात, अंगावरचा बुळबुळीत थर दाट होऊन चिंध्यांसारखा सुटू लागतो, रंग फिका पडतो, मासा खायचे सोडून पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकतो. दोन-तीन दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, खेळ संपतो. इतकी घाई का? समुद्री माशाचे रक्त समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच खारट असते. पाणी सतत त्याच्या अंगातून बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे टाकतो. त्वचा आणि कल्ले सोलवटले की पाण्यात बुडालेला हा मासा अक्षरशः तहानेने मरतो. इथे फॉर्मेलिनचे स्नान हाच भरवशाचा उपाय: वेगळ्या भांड्यात टाकीच्याच पाण्यात, दर १० लिटरला ३७ टक्क्यांचे फॉर्मेलिन दीड ते दोन मिलिलिटर, ३० ते ६० मिनिटे. एअर पंप जोरात हवा, कारण फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खाते. मासा कलंडला तर त्याच क्षणी बाहेर काढावा. बाटलीत पांढरा साका बसला असेल तर ती वापरू नये. आणि हा माणसाला कर्करोग करणारा पदार्थ आहे. हातमोजे, उघडी खिडकी आणि मुले लांब, यात तडजोड नको. स्नानानंतर मासा स्वच्छ टाकीत सोडायचा, जुन्या पाण्यात परत न्यायचा नाही.

वेल्वेट या दोघांच्या मधला. धूळ बसल्यासारखी सोनेरी झाक येते, पण ती येण्याआधीच कल्ले भरलेले असतात आणि मासा पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या प्रवाहात तोंड करून उभा राहतो. त्यावर मुक्त तांबे दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज चाचणी करून. किंवा क्लोरोक्विन फॉस्फेट दर लिटरला १० मिलिग्रॅम. रॉस यांच्या मलेरियावरचे औषध इथे असे पुन्हा भेटते. ही औषधे मुख्य टाकीत घालायची नसतात: तांब्याने झिंगे-प्रवाळ मरतात, आणि टाकीतला ‘लाइव्ह रॉक’ दगड तांबे शोषून मात्रा बिघडवतो. म्हणून ४०-५० लिटरची उघडीबोडकी टाकी हवी. स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस्स. तिथला खरा शत्रू अमोनिया. पाण्याचा पीएच एकाने वाढला की त्याचा विषारी अंश जवळपास दहापट होतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ असतो. स्पंज आधीपासून जीवाणूंनी मुरलेला नसेल तर रोज पाणी बदलण्याला पर्याय नाही. तांबे घातलेल्या पाण्यात अमोनिया बांधणारी रसायने टाकू नयेत. त्यांतली बरीच तांब्याचे अधिक विषारी रूप तयार करतात.

याला आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. उघड्या टाकीचा ताणच माशाला मारतो, असे अनेक अनुभवी लोक म्हणतात. अमोनियाकडे दुर्लक्ष झाले तर ते खरेच आहे, पण तो दोष टाकी नीट न चालवण्याचा; क्लाउनफिशला कपारी-दगडांचे फारसे अडत नाही, पाइपच्या तुकड्यातही तो मुक्काम ठोकतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे. क्रिप्टोकॅरिऑनमधून वाचलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मग चांगले खाऊ घालून त्यालाच लढू का देऊ नये? कारण ही शक्ती अपुरी असते आणि काही महिन्यांत ओसरते. परजीवी टाकीत राहतो, आणि पुढे आणलेला प्रत्येक नवा मासा त्याच्या तोंडी जातो. ब्रुकलिनेला आणि वेल्वेट तर लढायला वेळच देत नाहीत. लसणाबद्दल मराठी घरांना वेगळे सांगायला नको, पण लसणाने माशाची भूक वाढली तरी त्वचेखालचा परजीवी मरत नाही. उरला पैदास केंद्रातल्या माशांना विलगीकरण कशाला, हा प्रश्न. हे मासे जन्मले तेव्हा बहुधा स्वच्छ असतात, पण बहुतेक दुकानांत सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरते, आणि शेजारच्या टाकीत कालच समुद्रातून आलेला मासा असतो. त्यामुळे नवा मासा कितीही टवटवीत दिसला तरी तो आधी वेगळ्या टाकीत जायला हवा.

जोडीतला एकच मासा आजारी असेल तर दोघांना का काढायचे, असाही प्रश्न येतो. परजीवीचे कारण उघड आहे: मागे राहिलेला मासा म्हणजे वाळूतल्या पिल्लांना चालू खाणावळ. दुसरे कारण क्लाउनफिशच्याच स्वभावातले आहे. हे सगळे जन्मतः नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो. मादी नाहीशी झाली की तिचा नर मादी होऊ लागतो, हे फ्रिके दांपत्याने १९७७मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. शरीर पालटायला आठवडे-महिने लागतात, पण दादागिरी लगेच सुरू होते. मादीला एकटीला सहा आठवडे उपचारासाठी हलवले, तर बरी होऊन परतते तेव्हा तिच्या जागेवर दुसरा दावेदार उभा असतो. माद्या एकमेकींना खपवून घेत नाहीत. म्हणून जोडी काढायची ती एकत्र, ठेवायची एकत्र, आणि मुख्य टाकीत सोडायचीही एकाच दिवशी.