लाकडी बैलाचा डोळा

बालाघाट जिल्ह्यातील लामता हे गाव गोव्यातील वाचकाला नकाशावर शोधावेच लागेल. मध्य प्रदेशात, बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. आज तेथे रुंद रूळ आहेत. पण गेल्या दशकापर्यंत याच मार्गाने अडीच फुटी रुळांवरची सातपुड्यातील चिमुकली आगगाडी धावत असे. १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वी यातील बराच मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे पोवारी, गोंडी आणि हिंदीच्या जोडीने मराठीही येथे नांदते, आणि मराठीच्या जोडीने पोळा.

श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, अशी नागपूरकडची रीत आहे. तान्ह्या पोळ्याचा आरंभ दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली केला, असे परंपरा सांगते. चाकांच्या पाटावर उभा केलेला लाकडी बैल दोरीने ओढत मुले घरोघर जातात आणि ओवाळणी म्हणून 'बोजारा' मिळवतात. बैल तळहाताएवढा असू शकतो, तसा मुलाच्या उंचीचाही. अनेक घरांत तो दरवर्षी विकत घेतला जात नाही. जुन्याच बैलाला सणाआधी नवा रंग चढतो. शिंगे, झूल, घुंगरांची माळ आणि शेवटी डोळे.

पंचांग पाहिले, तर हे दिवस आपल्या ओळखीचे निघतात. तान्हा पोळा भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चवथीच्या अगदी तोंडावर येतो. आपल्याकडच्या चित्रशाळांत गणपतीवर शेवटचा हात फिरत असतो, तेव्हा तिकडे कुणा घरच्या ओसरीवर बैलाच्या शिंगांना रंग लागत असतो. फरक एवढाच, की चित्रशाळेतील काम जाणत्या हातांचे आणि ओसरीवरचे हौशी हातांचे. मला येथे बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

लहान मूर्ती रंगवणे हा आज जगभर पसरलेला छंद आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतण्यास सुरुवात केली आणि ते घराघरांत पोहोचले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिले. पुढे १९७५ साली लंडनमध्ये गेम्स वर्कशॉप ही कंपनी स्थापन झाली आणि अंगठ्याएवढे योद्धे विकत घेऊन स्वतः रंगवण्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. परंतु आपल्याला त्या महागड्या आयात संचांकडे धावण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याचा बैल आहे, दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आहे, आणि पत्रादेवीपलीकडे सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी तर हाकेच्या अंतरावर आहेत.

या कामात विश्रांती कसली, असा प्रश्न पडणे रास्त आहे. मान वाकलेली, डोळे ताणलेले, बोटांत केसाएवढा कुंचला. विन्स्टन चर्चिल यांनी १९१५ साली राजकीय अपयशाच्या काळात कुंचला हाती घेतला. चित्रकलेच्या छंदावरील आपल्या निबंधात त्यांनी मांडलेले सूत्र असे, की थकलेले मन नुसते रिकामे बसवून विसावत नाही. त्याच्या वेगळ्या भागाला कामाला लावले, तर शिणलेला भाग विसावतो. ते कॅनव्हासवर निसर्गचित्रे काढीत, पण सूत्र येथे अधिकच लागू पडते. बोटभर मावळ्याच्या पागोट्याची कड रंगवताना कार्यालयातील तक्रारींना शिरण्यास जागाच उरत नाही. शिवाय रंग स्वतःची गती लादतो. एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि घाई केली की खालचा रंग उचलला जातो. सक्तीची ही दहा-पंधरा मिनिटे मला या छंदाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतात. मात्र आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर कुंचला नव्हे, डॉक्टर गाठावा.

आता प्रत्यक्ष काम. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग नवशिक्याला सोयीचे. वास कमी आणि कुंचला पाण्याने धुता येतो. प्लॅस्टरचा मावळा पाणी शोषतो, लाकडाचे रेशे उभे राहतात. म्हणून आधी अस्तर, म्हणजे रंगाऱ्यांचा प्रायमर, हवाच. आपल्या पावसाळी हवेत फवाऱ्याचे अस्तर पांढुरके, धुरकट होते. तेव्हा ते कुंचल्यानेच लावणे बरे. रंग दाट न घेता पाण्याने किंचित सैल करावा आणि एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. जाड थरात झुलीची नक्षी बुजते आणि ती परत येत नाही.

मूळ रंग वाळला, की गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडावा. तो खाचांत उतरतो, उंचवट्यांवरून ओघळतो आणि सावली आपोआप उमटते. नंतर कुंचला फिकट रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करावा व उंचवट्यांवरून अलगद फिरवावा. वशिंड, पागोट्याच्या घड्या, दाढी उजळून निघतात. सपाट ठोकळ्याला अंग येते ते याच दोन कृतींनी. ते प्रथमच घडताना पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद वयावर अवलंबून नसतो.

सर्वांत बारीक कुंचला घेतला की काम बारीक होते, हा एक गैरसमज. अतिबारीक कुंचल्यात रंग राहतच नाही. मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधी तो टोकावर वाळतो. मध्यम आकाराचा, पण टोक नीट जुळणारा कुंचला अधिक कामाचा. हात थरथरतो, तो सर्वांचाच. दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवली, मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवून ते बूच धरले, की थरथर पुष्कळ आवरते. डाव्या बाजूने पांढरा प्रकाश असावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याची सावली मग कामावर पडत नाही.

जुन्या बैलाविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगावीशी वाटते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आजोबांच्या काळातील तैलरंगात शिसे असण्याची शक्यता म्हणूनच नाकारता येत नाही, आणि ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. असा बैल कोरडा खरवडू नये. पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासावे, चोथा फडक्याने टिपून फडके टाकून द्यावे, आणि ही पायरी मोठ्यांनीच मुलांना दूर ठेवून करावी. ज्याचा रंग पापुद्र्यांनी सुटतो आहे, तो बैल मुलाच्या हाती न देता फडताळात ठेवावा आणि रंगवायला नवा आणावा.

उरले डोळे. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीसाठी वेगळे कसबी कारागीर असतात, यावरून त्या कामाची पत कळावी. हौशी माणसाने आधी डोळ्याची जागा गडद तपकिरी करावी, त्यात किंचित लहान पांढरा बदाम भरावा आणि काळा ठिपका वरच्या पापणीला टेकवून द्यावा. ठिपका मधोमध सुटा ठेवला, तर बैल दचकल्यासारखा दिसतो. दोन्ही डोळे एकाच बैठकीत करावेत. बिघडले, तर पुसत बसू नये. वाळू द्यावे, वर पुन्हा तपकिरी रंग द्यावा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने आखावे.