डोंगरागणिक नवी पाल

घरात पाल चुकचुकली की आपण दचकतो आणि अन्नाजवळ दिसली तर घाबरतो. खरे तर भारतात आढळणारी एकही पाल विषारी नाही. तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू अन्नात जाऊ शकतात, त्यामुळे अन्न झाकून ठेवावे, एवढेच. पण घरातल्या या पालीची काही रानटी भावंडे सध्या शास्त्रज्ञांना वेगळ्याच कारणाने कामाला लावत आहेत. सह्याद्रीत शोधावे तिकडे त्यांच्या नव्या जाती सापडत आहेत.

या भावंडांचे कूळ निमास्पिस. घरातली पाल रात्री फिरते, तर या कुळातल्या बहुतेक पाली दिवसा. त्यांच्या डोळ्यातली बाहुली गोल असते आणि बोटांना भिंतीवर चिकटणाऱ्या गाद्या नसतात, नख्या असतात. बहुतेकींची लांबी शेपूट वगळता बोटाच्या दोन पेरांएवढी. ओलसर खडकाच्या फटीत किंवा झाडाच्या सालीवर त्या इतक्या बेमालूम मिसळून जातात की समोर असूनही दिसत नाहीत.

सातारा जिल्ह्यातून २०१४ मध्ये अशा एका पालीची नवी जात म्हणून नोंद झाली. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या सन्मानार्थ तिला ‘गिरी’ हे नाव मिळाले. २०१६ मध्ये आंबोलीतून पिवळ्या पोटाची जात पुढे आली. २०१८ मध्ये उत्तर सह्याद्रीतून एकदम चार आणि २०१९ मध्ये कोयनेचे नाव धारण करणारी आणखी एक. २०२१ मध्ये तर पश्चिम घाटातल्या तब्बल १२ नव्या जातींचे वर्णन एकाच शोधनिबंधात प्रसिद्ध झाले. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज अधिकाऱ्यांनी पालथ्या घातलेल्या डोंगरात आजही एवढे नवे कसे सापडते?

डोळ्यांना फसवणारे साम्य

पहिले कारण निदानाचे आहे. या पाली दिसायला जवळजवळ सारख्या असतात. खवल्यांची संख्या, मांडीवरची सूक्ष्म छिद्रे, अंगावरचे ठिपके भिंगाखाली तपासावे लागतात. त्यानंतर डीएनएची तुलना होते आणि एकच समजली गेलेली जात प्रत्यक्षात तीन-चार जातींची निघते. एकसारखा ताप असलेल्या दोन रुग्णांपैकी एकाला मलेरिया आणि दुसऱ्याला डेंगी निघावा, तसेच हे. नव्या जातीचा एक प्रमाण नमुना संग्रहालयात कायम ठेवला जातो. पुढे शंका आली तर त्याच्याशी पडताळून पाहता येते.

हा फसवेपणा किती खोल जातो, हे २०१२ मध्ये दिसले. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया येथल्या ‘निमास्पिस’ एकाच कुळातल्या मानल्या जात होत्या. जनुकीय अभ्यासात मात्र त्या तीन स्वतंत्र शाखा निघाल्या. सारखे राहणीमान लाभल्यामुळे त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी सारखेच रूप आले होते.

दरी ही भिंत

दुसरे कारण डोंगराच्या रचनेत आहे. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनिएल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये विचारले होते, उष्ण कटिबंधातले डोंगर प्राण्यांना जास्त उंच का वाटतात? त्यांचे उत्तर साधे होते. थंड प्रदेशात हिवाळा आणि उन्हाळा यांच्यात तापमान प्रचंड बदलते, त्यामुळे तिथल्या प्राण्याला दोन्हींची सवय असते. उष्ण कटिबंधात ठरावीक उंचीवर वर्षभराचे तापमान फारसे बदलत नाही, पण हजार मीटर चढले की ते साधारण सहा अंशांनी उतरते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. थंड, ओल्या माथ्यावर रुळलेल्या जीवाला मधली गरम, कोरडी दरी ओलांडता येत नाही. माणसाला ती चार तासांची वाट, त्या जीवाला मात्र भिंतच.

पश्चिम घाटात अशी सर्वांत मोठी फट पालघाटची आहे, सुमारे ३० किलोमीटर रुंद. तिच्या उत्तरेला निलगिरीत सालिया हॉर्सफिल्डी हा सरडा, तर दक्षिणेला अनामलाईत त्याचाच भाऊबंद सालिया अनामलयाना. वाटा तुटल्या की प्रत्येक गट आपल्या डोंगरावर स्वतंत्रपणे बदलत जातो आणि लाखो वर्षांनी वेगळी जात होतो. म्हणून अभ्यासक या माथ्यांना ‘आकाशातील बेटे’ म्हणतात.

बेट बुडू लागले तर

याच कारणाने या जाती नाजूक आहेत. संपूर्ण जात एकाच डोंगरावर असेल, तर तिथला एक वणवा, एक खाण किंवा रस्त्याचे रुंदीकरण तिला पुसू शकते. हवामान तापले तर वर सरकायचे, पण माथ्यावर पोहोचल्यावर पुढे जागाच नाही. मेक्सिकोतल्या सरड्यांच्या ४८ जातींच्या २०० ठिकाणांच्या तपासणीत, १९७५ नंतर १२ टक्के ठिकाणांहून सरडे नाहीसे झाल्याचे २०१० मध्ये आढळले. कारण केवळ भाजून मरणे नव्हते. विणीच्या हंगामात ऊन वाढल्याने सरड्यांना बराच वेळ सावलीत लपून राहावे लागे. खायला पुरेसा वेळ मिळत नसे आणि पुढची पिढी घटत असे.

ज्याला नाव नाही, त्याला संकटग्रस्त यादीत जागा मिळत नाही आणि संरक्षणही मिळत नाही. त्यातून आपले काय जाते, हे आधी सांगता येत नाही. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका रेणूवरून एक्झेनेटाइड हे मधुमेहाचे औषध तयार झाले. त्याला २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मधुमेह आणि वजन घटवण्यासाठी आज गाजत असलेली अनेक इंजेक्शने त्याच गटातली. सह्याद्रीच्या प्रत्येक पालीत औषध दडले आहे, असे मुळीच नाही. पण त्या सरड्याला तेव्हा कुणी नाव दिले होते, त्याची नोंद ठेवली होती आणि तो जिवंत होता, म्हणूनच कुणीतरी त्याची लाळ तपासू शकले.

पावसाळ्यात घाटात थांबाल तेव्हा ओल्या खडकाकडे थोडा वेळ निरखून पाहा. एखादी बोटभर पाल दिसली तर दगड उलटू नका, तिला पकडू नका, तिथे प्लास्टिक टाकू नका. तिचा सारा वंश कदाचित त्या एकाच डोंगरावर असेल.