रोज येतो, पण चौघांना पळवतो! त्रास देणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचं करायचं काय?



मागच्या व्हिडिओत आपण कॅरम क्लब, पूल-स्नूकर पार्लर आणि बॉक्स क्रिकेटच्या टर्फचा खर्च मांडला होता. जागा, टेबल, लाइट बिल, पगार, सगळं आलं त्यात. एक खर्च मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. तो म्हणजे रोज येणारा, पण वागायला वाईट असलेला गिऱ्हाईक. आज त्याच्यावर बोलू.

उदाहरण घेणार आहे पोकर रूमचं. हे ऐकून कोणाच्या डोक्यात भलतीच कल्पना यायच्या आधी कायदा सांगून टाकतो.

आधी कायदा

महाराष्ट्रात पैसे लावून पत्त्यांचा अड्डा चालवणं हा धंदा नाही, गुन्हा आहे. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि त्यात खेळणाऱ्यासोबत जागा चालवणाराही अडकतो. १९७६ साली राज्याने कॅसिनोसाठी एक कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचा निर्णय घेतला. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा.

“पण सर, रमी तर कौशल्याचा खेळ आहे ना?” हो, सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निकालात तसं म्हटलं आहे. पण त्याच निकालात पुढे हेही आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. अर्धा निकाल वाचून दुकान उघडू नका.

मग पोकर रूम कशाला? कारण गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटींवर ती कायदेशीर चालते, आणि गिऱ्हाइकाला शिस्त लावण्याची तिथली पद्धत आपल्या कॅरम क्लबलाही जशीच्या तशी लागू पडते.

पोकर रूम कमावते कशावर?

कॅसिनोतल्या बहुतेक खेळांत गिऱ्हाईक कॅसिनोविरुद्ध खेळतो. तो हरला की कॅसिनो जिंकला. पोकरचं तसं नाही. तिथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि कॅसिनो डावात जमलेल्या रकमेतून थोडासा वाटा घेतो. त्याला रेक म्हणतात. काही ठिकाणी वाट्याऐवजी तासाचे पैसे घेतात.

म्हणजे कोण जिंकला, कोण हरला, याच्याशी मालकाला फार देणंघेणं नाही. टेबल भरलेलं राहिलं पाहिजे आणि डाव फिरत राहिला पाहिजे. टेबल रिकामं तर कमाई शून्य.

आता तुमचं पूल टेबल बघा. तुम्हीही तासाने पैसे घेता. गिऱ्हाईक येतो तो फक्त टेबलासाठी नाही येत. तिथे दोस्त भेटतात, चार लोक असतात, वातावरण असतं, म्हणून येतो. तुम्ही विकता ते वातावरण, आणि ते बनवतात तुमचेच बाकीचे गिऱ्हाईक. एकाने ते नासवलं, तर त्याने तुमचा माल नासवला. किराणा दुकानात कोणी साखरेच्या पोत्यात पाणी ओतलं, तर “रोजचा आहे, जाऊ द्या” म्हणाल का?

सगळ्यात महाग सवय: नवख्याला हसणं

पोकर रूममधला त्रासदायक खेळाडू काय करतो? पत्ते वाटणाऱ्या डीलरवर पत्ते फेकतो. मुद्दाम वेळ काढतो. दुसऱ्याचा डाव चालू असताना शेरे मारतो. पण धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय वेगळीच आहे. नवा माणूस चुकीचा डाव खेळला की हा सगळ्यांसमोर त्याची अक्कल काढतो.

तो नवा माणूस मजा करायला आला होता. हरला तरी हसत गेला असता आणि पुढच्या वेळी दोन मित्र घेऊन आला असता. अपमान झाल्यावर तो भांडत नाही, तक्रारही करत नाही. गुपचूप उठतो आणि परत येत नाही. म्हणून हे नुकसान मालकाला दिसत नाही.

आपल्याकडे हेच होतं. पहिल्यांदा क्यू हातात धरलेल्या पोट्ट्याला कोपऱ्यातून आवाज येतो, “अबे, काठी धरता येत नाही अन् आला मोठा खेळायले!” सगळे हसतात. मालकही हसतो. आणि त्या हसण्यात एक गिऱ्हाईक गेलेला असतो.

हिशोब मांडा

आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा, टेबलाचा दर तासाला १२० रुपये. आपला हा भाऊ रोज दोन तास खेळतो. २४० रुपये रोज, महिन्याचे २६ दिवस, झाले ६,२४० रुपये. वाटतं, एवढा पक्का गिऱ्हाईक कसा सोडायचा?

आता दुसरी बाजू. कॉलेजच्या पोरांचा एक ग्रुप आठवड्यातून तीनदा दीड तास खेळतो. एका वेळेचे १८० रुपये, महिन्यात १२ वेळा, म्हणजे २,१६० रुपये. याच्या तोंडामुळे असे तीन ग्रुप यायचे बंद झाले, तर गेले ६,४८० रुपये. म्हणजे याच्याकडून येतं त्यापेक्षा जास्त याच्यामुळे जातं. उधारी अजून धरलीच नाही.

आणि तो खेळतो कधी? संध्याकाळी सहा ते आठ, ऐन गर्दीच्या वेळी. ते दोन तास त्याच्याशिवायही भरले असते. यवतमाळच्या मे महिन्यातल्या दुपारी कोणी येत नाही तेव्हा तो येत असता, तर गोष्ट वेगळी. म्हणून गिऱ्हाइकाची किंमत करताना तीन गोष्टी विचारा: किती देतो, कोणत्या वेळी देतो, आणि त्याच्यामुळे कोण येत नाही.

प्रत्येक मोठ्या आवाजाचा माणूस वाईट नसतो

घाई करू नका. काही लोक फक्त बोलके असतात. त्यांच्यामुळे क्लबला जीव येतो. ओळखायची खूण सोपी आहे. हा आला की बाकीचे खुर्च्या जवळ ओढतात, की घड्याळ बघतात? तुमच्या काउंटरवरचा पोरगा त्याला चहा विचारतो, की आतल्या खोलीत जातो?

बऱ्याच जणांना फक्त मान हवा असतो. अशा माणसाला काम द्या. रविवारच्या कॅरम स्पर्धेचा पंच करा, नव्या पोरांना स्ट्रायकर कसा धरायचा ते शिकवायला सांगा. हसणाराच शिकवायला लागला, तर तुमचे दोन प्रश्न एका दमात सुटले.

चार पायऱ्या

यानेही फरक पडला नाही तर काय? पोकर स्पर्धांचे नियम ठरवणारी एक संघटना २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या नियमांत शिक्षेच्या पायऱ्या आहेत. आधी तोंडी ताकीद, मग एक किंवा काही डाव बाहेर, मग टेबलाच्या पूर्ण फेऱ्या बाहेर, आणि शेवटी स्पर्धेतून बाद. गंमत म्हणजे बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या चिप्समधून सक्तीची बोली कापली जातच राहते. म्हणजे शिक्षा आरडाओरड न करता लागते. आपल्या पायऱ्या अशा करा.

पहिली पायरी, भिंतीवरचे नियम. पाचच ओळी, मोठ्या अक्षरात: शिवीगाळ नाही. पैशांची पैज नाही. दारू पिऊन प्रवेश नाही. खेळणाऱ्याला डिवचायचं नाही. वेळ संपली की टेबल सोडायचं. गोव्याच्या कॅसिनोत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि ही अट माणूस आत यायच्या आधी दारावरच तपासली जाते. नियम आधी लिहिलेला असला की तो वैयक्तिक राहत नाही.

दुसरी पायरी, बाजूला घेऊन बोलणं. चारचौघांत कधीच नाही. चारचौघांत टोकलं की तो माघार घेऊ शकत नाही, कारण प्रश्न इज्जतीचा होतो. खेळ संपल्यावर बाहेर चहाला न्या आणि म्हणा, “भाऊ, तुम्ही इथले जुने. तुमच्या शब्दाला वजन आहे. त्या नव्या पोट्ट्याले सगळे हसले, तो आता येत नाही. माझं पोट यावर आहे. एवढं सांभाळा.” माणूस कसा आहे यावर बोलू नका, काय घडलं तेवढंच सांगा.

तिसरी पायरी, ठरावीक दिवसांची सुट्टी. “भाऊ, आपलं बोलणं झालं होतं. आता आठ दिवस येऊ नका. पुढच्या सोमवारपासून या, टेबल तुमचंच आहे.” दिवस ठरवून सांगा. परतीची तारीख दिली की दार बंद झाल्यासारखं वाटत नाही. आणि आठ दिवस म्हणजे आठच. चौथ्या दिवशी “बरं, या” म्हणालात, तर नियम भिंतीवरच राहिला.

चौथी पायरी, कायमचा नमस्कार. ॲडव्हान्स किंवा मेंबरशिपचे पैसे उरले असतील तर परत करा. छोटी उधारी असेल तर सोडून द्या. वाद करू नका, कारणांची यादी वाचू नका. “आपलं जमत नाही भाऊ, माफ करा.” बस.

प्रत्येक पायरीची नोंद वहीत ठेवा: तारीख, काय झालं, काय सांगितलं, कोण हजर होतं.

पायऱ्या कुठे नाहीत

काही ठिकाणी थेट चौथी पायरी. मारहाण, महिलेला उद्देशून घाण बोलणं किंवा इशारे, जातीवरून शिवीगाळ. हे साधे नियमभंग नाहीत, गुन्हे आहेत. ज्याला त्रास झाला त्याच्या बाजूने उभे राहा, साक्ष द्या, गरज पडली तर ११२ लावा. जा म्हटल्यावरही धमकवायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला कोणी तुमच्या जागेत बेकायदेशीरपणे थांबून राहिलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली तोही गुन्हा ठरू शकतो.

पैशांची पैजही यातच येते. “हजाराची फ्रेम लावू” हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबवा. पैज त्यांची असली तरी जागा तुमची आहे. पोलीस आले तर पहिलं नाव मालकाचं विचारतात.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुम्ही एखाद्याला नाही म्हणू शकता ते फक्त त्याच्या वागण्यावरून. जात, धर्म बघून दुकानात किंवा करमणुकीच्या जागेत प्रवेश नाकारायला संविधानाचं कलम १५ मनाई करतं, आणि अस्पृश्यता पाळून प्रवेश नाकारणं १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने शिक्षापात्र आहे. म्हणूनही नियम सगळ्यांना सारखा हवा आणि वहीत नोंद हवी.

“सर, तो नगरसेवकाचा माणूस आहे”

हा प्रश्न येणारच. आपला जिल्हा असा की दत्त चौकातला माणूस पुसदमध्ये कोणाचा तरी साडू निघतो. ज्याला बाहेर काढलं तो उद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणार. म्हणून दार बंद करा, पण नातं बंद करू नका. रस्त्यात भेटला तर आधी तुम्ही रामराम करा. त्याच्याबद्दल दुसऱ्या गिऱ्हाइकाजवळ एक शब्द बोलू नका. मोठ्या माणसाच्या ओळखीचा असेल तर तिसऱ्या पायरीच्या आधीच त्या मोठ्या माणसाला भेटा आणि शांतपणे सांगा. बहुतेक वेळा त्यालाही आपलं नाव असं वापरलेलं आवडत नाही.

सख्खा मित्र किंवा चुलतभाऊ असेल, तर नियम आधी त्याला लावा. गाव तेच बघत असतं.

काउंटरवरच्या पोराचं काय?

पोकर रूममध्ये डीलर खेळाडूशी भांडत नाही. तो हात वर करून फ्लोअर मॅनेजरला बोलावतो, आणि निर्णय मॅनेजर देतो. तुमच्या पोरालाही हीच वाट द्या. “मालकाला बोलावतो” हे वाक्य त्याला पाठ असू द्या. तुम्ही आल्यावर त्याला गिऱ्हाइकासमोर झापू नका. महिन्याला पगार घेणारा पोरगा रोज शिव्या खाऊन टिकत नाही, आणि चांगला पोरगा गेला तर तो खर्च कोणत्याही एका गिऱ्हाइकापेक्षा मोठा आहे.

या आठवड्याचं काम

वही घ्या. तुमच्या दहा नेहमीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहा. प्रत्येकासमोर तो महिन्याला किती देतो ते लिहा, आणि त्याच्यामुळे कोण यायचं बंद झालं तेही लिहा. दुसरा रकाना भरता आला नाही, तर काउंटरवरच्या पोराला विचारा. त्याला सगळं माहीत असतं.

अजून धंदा सुरू केला नसेल, तर भिंतीवरच्या पाच ओळी आजच लिहून ठेवा. टेबल यायच्या आधी पाटी लागली, तर पहिल्या दिवसापासून ती सगळ्यांची असते. नंतर लावली, तर एकाला वाटतं की ती फक्त माझ्यासाठीच लावली.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जोरात, अन् डोकं शांत!