पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड : विष कुणात?

साकीनाक्यात खैरानी रोडवरची पत्र्याची खोली असो की चांदिवलीची इमारत, ट्यूबलाइटजवळ पाल असतेच. झाडाझुडपांच्या कडेला सरडा आणि सापसुरळी दिसते, तर आरेच्या जंगलाच्या बाजूला घोरपड आढळते. ही चार वेगवेगळी कुळे आहेत. यांपैकी एकाच्याही चाव्याने माणसाला जीवघेणी विषबाधा होत नाही. विषारी म्हणून ओळखला जाणारा गिला मॉन्स्टर अमेरिका-मेक्सिकोच्या रखरखीत प्रदेशात राहतो.

पाल : कातडी मऊ, डोळ्याची बाहुली उभी. घरातल्या पालीला हलणारी पापणी नसते, म्हणून ती जिभेने डोळा पुसते. बोटांखालच्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात, त्यांच्या आधाराने ती छतावर चालते. तुटलेली शेपटी पुन्हा येते.

सरडा : अंग खरखरीत, मानेपासून पाठीवर काट्यांचा तुरा, डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लाल होतो. त्याचा रक्त पिण्याशी काही संबंध नाही.

सापसुरळी : हिलाच सापाची मावशी म्हणतात. खवले चकचकीत, पाय आखूड, म्हणून साप समजून मारली जाते. चार पाय आणि कानाचे छिद्र दिसले की ती साप नव्हे.

घोरपड : लांब मान, बळकट नख्या, सापासारखी दुभंगलेली जीभ. शेपटीसह दीड मीटरहून मोठी होऊ शकते. सांधेदुखीवर हिचे तेल विकणाऱ्यांपासून सावध राहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. तिला मारणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे.

मग पाल पडलेले दूध का टाकायचे? कारण विष नव्हे, जंतू. पालीच्या आतड्यात व विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. ते अन्नातून पोटात गेले तर साधारण ६ तास ते ६ दिवसांत ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. पाल दिसताच लगेच मळमळते, ते पुष्कळदा किळस आणि भीतीने. जुलाब झाल्यास ओआरएस द्या. शौचात रक्त, लघवी कमी होणे, उतरत नसलेला ताप, किंवा रुग्ण लहान मूल, वृद्ध वा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांकडे जा.

पंचांगात पाल कुठल्या अवयवावर पडली त्यावरून शुभ-अशुभ सांगणारे तक्ते असतात. त्याची चिंता नको. ती जागा साबणाने धुतली की पुरे. पाल चावली तरी साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा. काय चावले ते दिसलेच नसेल, तर मात्र साप समजून लगेच रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

अन्न आणि पिण्याचे पाणी झाकून ठेवा, ओटा रोज पुसा, जेवणाआधी हात धुवा. डास-झुरळे खाणारी पाल भिंतीवर राहिली तरी बिघडत नाही.