जागा चुकली की ताबा सुटला?

"सर, आमचा ससा हे मुद्दाम करतो का?"

कोल्हारला आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, नववीत शिकणाऱ्या एका मुलाने गेल्या श्रावणात हा प्रश्न विचारला. त्याच्या घरी चार वर्षांचा एक पांढरा ससा आहे. आणल्यापासून महिनाभरातच त्याने मोरीजवळचा एक कोपरा आपला मानला होता. तिथे एक जुनी पसरट पाटी ठेवली, तर तो न चुकता पाटीतच लघवी करू लागला. घरात त्याचे केवढे कौतुक! आणि अचानक ही सवय गेली. गादीवर, उंबऱ्याशी, जिथे बसला असेल तिथे ओले. मग ज्याने त्याने आपापले निदान केले. कोणी म्हणाले, लाडाने माजला आहे. कोणी पाण्याची वाटीच उचलून ठेवली, म्हणजे लघवी कमी होईल. कोणी सुचवले, नदीकाठच्या उसात सोडून द्या, राहील तिकडे.

या सगळ्यांपेक्षा मुलाचा प्रश्न शहाणा होता. ससा हे करतो, की त्याच्याकडून हे होते? जागा चुकली आहे, की ताबा सुटला आहे? वरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. म्हणून आधी सवय म्हणजे काय ते पाहू.

पाटी वापरायला कोणी शिकवले?

खरे तर कोणीच नाही. आपल्या माळरानावर दिसणारा ससा आणि घरात पाळला जाणारा ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. रानातला आपला ससा म्हणजे काळ्या मानेचा ससा, लेपस नायग्रिकॉलिस. तो बीळ करत नाही, गवतातल्या खोलगट जागी एकटा दबून बसतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्याला पकडणे वा पाळणे गुन्हा आहे. घरातल्या सशाचे पूर्वज मात्र स्पेन-पोर्तुगालकडचे. त्यांचे शास्त्रीय नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. ते जमिनीत बिळांचे जाळे खोदून कळपाने राहतात, आणि त्यांची पिले उघडीनागडी व आंधळी जन्मतात.

कळपाने राहायचे म्हणजे आपली हद्द शेजाऱ्यांना सांगावी लागते. हे ससे बिळांच्या आसपास ठराविक जागी लेंड्या टाकतात. त्यांच्या वासातून 'ही जागा आमची' हा निरोप जातो. घरातला ससा कोपरा निवडतो तो याच प्रवृत्तीने. आपण फक्त त्या कोपऱ्यात पाटी ठेवतो.

उसात सोडण्याचा सल्ला का चुकीचा, तेही यावरून लक्षात येईल. पांढऱ्या सशाला तिथे ना बीळ, ना कळप, ना कुत्र्या-मुंगसांपासून पळण्याची सवय. ती सुटका नव्हे, शिक्षाच.

ही प्रवृत्ती असूनही जागा चुकू शकते. चार ते सहा महिन्यांचा ससा वयात येतो तेव्हा हद्द सांगण्यासाठी जागोजागी लघवीच्या चिळकांड्या उडवतो. घरात दुसरा ससा आला, सामान हलले, पाटी वेळेवर साफ झाली नाही, तरी सवय मोडते. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या सशाला उंच काठाच्या पाटीत चढताच येत नाही. अशा वेळी ससा जागा निवडतो, शेपूट उचलतो, लघवी करतो आणि निघून जातो. त्याचे मागचे पाय कोरडे राहतात.

साठवण आणि दरवाजे

आता ताबा म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागातल्या मुलांना भंडारदऱ्याचे उदाहरण लगेच कळेल. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणात पाणी साठते आणि दरवाजे उघडले की प्रवरेतून खाली येते. मूत्रपिंडे अखंड लघवी तयार करत असतात. ती मूत्राशयात साठते. साठत असताना मूत्राशयाची भिंत सैल राहते आणि तोंडाशी असलेले वर्तुळाकार स्नायू आवळलेले असतात. भिंत ताणली गेली की चेतातंतूंमधून मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे निरोप जातो. जागा योग्य असेल तर मेंदू परवानगी देतो. मग भिंत आकुंचन पावते, दरवाजा सैल होतो. जागा योग्य नसेल तर थांबा असा हुकूम येतो.

ही व्यवस्था तीन ठिकाणी बिघडू शकते. साठवणीच्या जागीच त्रास असेल, निरोपाची वाट तुटली असेल, किंवा आवकच इतकी वाढली असेल की साठा पुरत नाही. तिन्ही वेळा ससा निर्दोष असतो.

गाईला पथ्य, सशाला कुपथ्य

पहिल्या कारणासाठी आपल्या शेतातच पाहावे लागेल. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नुसते 'घास' म्हटले की लसूणघास असाच अर्थ होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल.-८८ हा लसूणघासाचा वाण दूध उत्पादकांना चांगला माहीत आहे. हिरवागार, प्रथिनांनी भरलेला आणि कॅल्शियमनेही. वाळलेल्या लसूणघासात साधारण सव्वा ते दीड टक्का कॅल्शियम असते. वाळलेल्या गवतात ते बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत असते. दुभत्या गाईला कॅल्शियम लागतेच, कारण एका लिटर दुधातून सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते.

सशाची गोष्ट वेगळी. आपल्या आतड्यात गरजेपुरतेच कॅल्शियम शोषले जावे अशी सोय असते. सशाच्या आतड्यात ती जवळजवळ नाही. जेवढे खाल्ले त्या प्रमाणात शोषले जाते, आणि जास्तीचे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. बहुतेक सस्तन प्राण्यांत लघवीवाटे जाणारे कॅल्शियम दोन टक्क्यांहून कमी असते. सशात ते ४५ ते ६० टक्के असते. त्याची लघवी अल्कधर्मी असल्याने हे कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळ दिसते.

एक ढोबळ हिशेब करू. दोन किलोचा ससा दिवसाला ४०० ग्रॅम हिरवा लसूणघास खातो असे समजा. वाळल्यावर तो भरेल सुमारे ८० ग्रॅम. १.४ टक्के धरले तर कॅल्शियम झाले १.१ ग्रॅम. निम्मे लघवीत आले तर त्यापासून सुमारे १.४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होते. तेवढेच वाळलेले गवत खाल्ले आणि त्यात ०.४ टक्के कॅल्शियम असले तर ०.४ ग्रॅम. लसूणघासाने गाळ साडेतीनपट वाढला!

ससा भरपूर पाणी पीत असेल, हिंडत असेल, तर हा गाळ वाहून जातो. तो लठ्ठ असेल, दिवसभर पिंजऱ्यात बसून असेल, पाणी कमी पीत असेल, तर धरणात गाळ बसावा तसा मूत्राशयाच्या तळाशी बसतो. कधी तो टूथपेस्टसारखा दाट होतो, कधी त्याचे खडे बनतात. भिंतीला सतत चुरचुर होते, साठा मावत नाही आणि लघवी थेंब थेंब गळत राहते. लसूणघास खाणाऱ्या प्रत्येक सशाला हे होतेच असे नाही. वाढत्या पिलांना आणि पाजणाऱ्या मादीला तर तो उपयोगीच असतो. प्रौढ सशाला मात्र रोजचे अन्न म्हणून तो देऊ नये.

निरोपाची वाट

दुसरे कारण पाठीचा कणा. सशाचे स्नायू दणकट, पण सांगाडा हलका. तो शरीराच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के भरतो. मागच्या भागाला आधार न देता उचलले आणि ससा जोरात झटकला, तर कमरेजवळचा मणका मोडू शकतो. मज्जारज्जूला इजा झाली की मागचे पाय लुळे पडतात आणि लघवीवरचा ताबाही जातो. कान धरून ससा उचलू नका, हे मुलांना सांगाच. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.

चेतासंस्थेला इजा करणारा एक सूक्ष्मजीवही आहे, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. १९२२ साली राइट आणि क्रेगहेड यांनी लुळ्या पडणाऱ्या सशांमध्ये त्याचे पहिले वर्णन केले. पुढे बराच काळ तो आदिजीव समजला गेला, आज त्याचे नाते बुरशीशी जोडले जाते. तो मेंदू आणि मूत्रपिंडात घर करतो आणि लघवीतून पसरतो. मान एका बाजूला कलणे, मागचे पाय डगमगणे, लघवी गळणे ही त्याची लक्षणे. ज्या माणसांची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे त्यांनाही त्याची बाधा होऊ शकते. म्हणून पाटी साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

तिसरे कारण आवक वाढणे. मूत्रपिंडे आजारी असली की पाणी पिणे आणि लघवी, दोन्ही वाढतात. निरोगी ससाही दर किलोमागे दिवसाला सरासरी १३० मिलिलिटर लघवी करतो. साठ किलोचा माणूस दीड लिटर करतो, म्हणजे किलोमागे फक्त २५. आधीच भरलेल्या साठ्यात आणखी भर पडली तर तो ओसंडणारच.

काय पाहावे, काय करू नये

आम्ही मुलाला आठ दिवस एक वही ठेवायला सांगितली. ओले कुठे झाले, तेव्हा ससा काय करत होता, मागचे केस कोरडे होते का, लघवी करताना तो कुंथतो का, वाळल्यावर काय उरते, खाल्ले काय, पाणी किती प्याले. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झाले. ओले होत होते ते बहुतेक झोपण्याच्या जागी. मांड्यांचे केस भिजून कातडी लाल झाली होती. डागांवर पांढरी पूड उरत होती. खाणे म्हणजे दोन्ही वेळा गोठ्यातला लसूणघास, गवत नाहीच. लेंड्या मात्र तो अजूनही पाटीतच टाकत होता. सवय शाबूत होती, ताबा सुटला होता!

वही घेऊन ते पशुवैद्याकडे गेले. क्ष-किरण चित्रात मूत्राशय खडूसारखे पांढरे दिसले. पशुवैद्यांनी गुंगी देऊन गाळ धुऊन काढला, वेदनाशामक दिले आणि आहार बदलायला सांगितले.

काही गोष्टी मात्र चुकूनही करू नयेत. पाणी तोडू नये. पाणी कमी झाले की गाळ आणखी दाटतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जिवावरच बेतते. नळीच्या बाटलीपेक्षा पसरट वाटीतून ससा जास्त पाणी पितो. मारू नये. त्याला कारण कळत नाही, भीती तेवढी कळते. माणसांसाठी आणलेले प्रतिजैविक देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी औषधे तोंडाने दिली तर सशाच्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि ससाही दगावू शकतो. पावसाळ्यात ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. म्हणून मागचा भाग रोज पाहावा, पुसून कोरडा ठेवावा.

लाल लघवी दिसली की घाबरगुंडी उडते. अनेकदा तो खाद्यातल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो. पण रक्तही असू शकते. विशेषतः नसबंदी न केलेल्या, चार वर्षांपुढच्या मादीत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. साध्या मूत्रपट्टीने रक्त आहे की नाही ते समजते. लघवी पूर्ण बंद झाली, ससा जेवेनासा झाला किंवा पाय लुळे पडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

वर्गात करून पाहा

सशाच्या पाटीत वाळलेला पांढरा थर हातमोजे घालून खरवडा. परीक्षानळीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फसफसून वायू निघेल. तो चुन्याच्या निवळीतून जाऊ द्या, निवळी दुधाळ होईल. दुसऱ्या नळीत अंड्याच्या कवचाचा चुरा घेऊन हेच करा. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेट! मग मुलांना विचारा: वायू निघाला म्हणजे ससा आजारी, असे म्हणता येईल का? येणार नाही. निरोगी सशाच्या पाटीतही हेच घडेल. चाचणी पदार्थ ओळखते, रोग नव्हे. रोग ठरवायला आठ दिवसांची वही लागते आणि ती वाचणारा पशुवैद्य.

आमच्या गल्लीतला ससा आता हरळी, वाळलेले गवत आणि थोडी कोथिंबीर खातो. लसूणघास सगळा गोठ्यात जातो. दीड महिन्यात गादी कोरडी राहू लागली. थंडीत कधीतरी एखादा डाग पडतो. पण आता त्या घरात कोणी सशावर ओरडत नाही. मुलगा मुकाट्याने फडके आणतो आणि वहीत तारीख लिहितो.