फिल्म अॅनालिसिस लिहायचंय? आधी गोष्ट सांगणं थांबवा

सबमिशनचा सीझन सुरू झालाय आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय: ‘सरांनी सिनेमावर निबंध लिहायला सांगितलाय, सुरुवात कुठून करू?’ तर आज तेच बोलू. उदाहरण म्हणून नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ घेतोय, २०१३चा. ज्यांनी पाहिला नाहीये, त्यांनी इथेच पॉज करा, आधी सिनेमा बघून या. कारण मी शेवट सांगणार आहे.

मी वाचलेल्या बहुतेक निबंधांमध्ये तीन पानं गोष्ट असते. जब्या नावाचा मुलगा, त्याला शालू आवडते, त्याच्या घरच्यांना गावातली डुकरं पकडायला लावतात वगैरे. आणि शेवटी एक ओळ: ‘हा चित्रपट जातिव्यवस्थेवर प्रखर भाष्य करतो.’ अहो, पण हे तर सिनेमा न बघताही लिहिता येतं! तपासणाऱ्यांनाही ते कळतंच. गोष्ट त्यांना माहीत असते. त्यांना हवं असतं ते तुम्ही काय पाहिलंत.

म्हणून सिनेमा दोनदा बघा. पहिल्यांदा नुसता बघा, वही बंद. दुसऱ्यांदा वही उघडी आणि बोट पॉजवर. जिथे काहीतरी खटकलं, हसू आलं किंवा पोटात कालवलं, तिथली वेळ लिहून ठेवा. मग त्यातले दोन किंवा तीनच प्रसंग निवडा. अख्खा सिनेमा निबंधात कोंबायचा नाही.

आता एक प्रसंग घेऊ. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागच्या जागी थांबतो. घरचेही थांबतात. डुक्कर मात्र निवांत निघून जातं. आपल्याला हसू येतं ना? मग स्वतःला विचारा, का आलं? इथे एकही भाषण नाहीये. आवाज शाळेचा, चित्र डुकराच्या शिकारीचं, आणि दोन्ही एकत्र आले की अर्थ तयार होतो. ज्या घराला गाव मान देत नाही, ते घर मान द्यायला ताठ उभं राहतं. याला म्हणायचं विश्लेषण: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि त्यातून काय घडतं. हे तीन प्रश्न प्रत्येक प्रसंगाला विचारा.

त्यानंतर येतो तुमचा मुद्दा. एकाच वाक्यात लिहा, आणि तो असा हवा की त्यावर कुणीतरी वाद घालू शकेल. ‘फँड्री जातीबद्दल आहे’ यावर कोण वाद घालणार? त्याऐवजी हे बघा: ‘फँड्री फक्त जब्याचा अपमान दाखवत नाही, तो अपमान बघत बसलेल्यांनाही दाखवतो आणि शेवटी प्रेक्षकाला त्यांच्यातच बसवतो.’ आता तुम्हाला पुरावे द्यावेच लागतील. डुकराच्या पाठलागाला हसणारी गर्दी हा एक पुरावा. दुसरा म्हणजे शेवटचा शॉट: जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

इथे एक परिच्छेद विरोधी बाजूला द्या. कुणी म्हणेल, दगड तर चिडवणाऱ्या मुलाला मारलाय, आपला काय संबंध? बरोबर आहे. पण मग तो कुणाला लागला, हे का दाखवलं नाही? ते दाखवलं असतं तर आपण सुटलो असतो. असं उत्तर दिलंत की निबंधात जीव येतो.

लिहिताना क्रम सोपा ठेवा. एका परिच्छेदात एक प्रसंग, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मुद्द्याकडे परत या. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. तोवर आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाच कळलेलं असतं. दिग्दर्शकाचं नाव आणि वर्ष सुरुवातीलाच द्या. ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ असले शब्द दिसले की खोडा आणि तिथे शॉटचं वर्णन लिहा. ‘क्लोज-अप’सारखे शब्द वापरा, पण क्लोज-अपने काय साधलं तेही सांगा.

आणि हो, रेडीमेड निबंध नेटवर ढीगभर मिळतील. पण ‘बिचारा जब्या’ म्हणून हळहळणं एक, आणि आपण त्या गर्दीत कुठे बसलोय हे शोधणं वेगळं. ते दुसरं काम तुमच्यासाठी कुणीच करून देऊ शकत नाही. मार्क त्याचेच मिळतात, आणि मार्कांपलीकडे उरतंही तेच.

तर आजचा होमवर्क: तुमच्या सिनेमातला एकच प्रसंग निवडा, आवाज बंद करून बघा, मग फक्त ऐका. काय बदललं ते पाच ओळींत लिहा. निबंध तिथूनच सुरू होईल. भेटू पुढच्या भागात!